शिडीखालच्या चपला

मी बटण दाबलं, पंप घरघरला, आणि स्वतःवरच खूश झाले. एवढ्याशा कामाचा केवढा बाऊ केला होता ह्यांनी.

कालच आमच्या ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दोन दिवस वसाहतीचा पंप मी सांभाळायचा होता. "दहाला चालू, अकराला बंद. बाकी कशाला हात लावू नकोस," असं दहादा बजावलं होतं. पण मला पसारा बघवत नाही. पंपघरात आल्या आल्या सगळं झाडून काढलं. टाकीच्या शिडीखाली ह्यांच्या जुन्या चपला पडल्या होत्या, त्याही आत आणून फळीवर ठेवल्या.

पंप चालू करून बसले, तर नजर त्या चपलांवर गेली. उजवी टाच पार झिजलेली. ह्यांची नेहमी डावी झिजते. फोन लावला.

"अहो, शिडीखाली कुणाच्या चपला असतात?"

"काकांच्या, टाकी धुणाऱ्या. ते आत उतरले की चपला खाली. चपला दिसल्या की पंप लावायचा नाही. का गं?"

"मी त्या उचलून ठेवल्या."

ह्यांचा आवाज चढला.

"बंद कर. आधी बंद कर."

बंद केला. आठ मिनिटं झाली होती. शिडी चढताना देवाचं नाव आठवेना, आणि काकांचं तर मला माहीतच नव्हतं. वरच्या झाकणातून वाकून हाका मारल्या. आत काळोख. उत्तर नाही. माझ्या हातून माणूस गेला, एवढंच डोक्यात.

"ओरडू नका वहिनी. फार घुमतं इथे."

कमरेएवढ्या पाण्यात दोर धरून ते उभे होते. वरून पडणाऱ्या धारेनं त्यांना चढू दिलं नव्हतं.

मी आधी खाली आले. मागोमाग काका उतरू लागले, ओठ निळे पडलेले. "वाटलं, दादांची नजर फारच गेली," ते म्हणाले.

"त्यांची नाही हो चूक. चपला मी उचलल्या."

शेवटच्या पायरीवरून काकांचा पाय सवयीनं जमीन चाचपत होता. मी धावत जाऊन चपला आणल्या आणि होत्या तिथेच ठेवल्या.

आता हे कामावर आहेत, तरी झाडायला मीच जाते. शिडीखाली चपला असल्या की त्यांच्या भोवतीनं झाडते, आणि काका उतरेपर्यंत तिथेच बसून राहते.