फ्लेक्सवरचा तोंडवळा

दहावीचा निकाल लागला की लातूरभर मास्तरांचे चेहरे उगवतात. चौकात, पुलावर, रसवंतीच्या टपावर फ्लेक्स लागतात आणि हाताची घडी घातलेले, नको तितके गोरे केलेले सर वरून खाली बघत राहतात. जीवशास्त्राच्या आनंदराज सरांचा चेहरा त्यात बरीच वर्षं होता. यंदा तो लागणार की नाही, या प्रश्नाने सरांची झोप उडवली होती. कॅन्सरनेही एवढी उडवली नव्हती.

सात वर्षांपूर्वी डाव्या कानापुढे सुपारीएवढी गाठ आली. लाळग्रंथीचा कॅन्सर निघाला, तोही क्वचितच कुणाला होणारा. गावाकडून, बिलोलीहून भेटायला आलेला प्रत्येक पाहुणा आधी विचारायचा, "गुटखा खात होतास का रे?" बडीशेपेपलीकडे काही न चघळलेल्या माणसाने काय सांगावं? शेवटी सर म्हणायला लागले, "हाव, पोत्यानं."

आजार चिवट होता. सावकाश वाढायचा, काढला तरी परत यायचा. दुसऱ्या ऑपरेशनमध्ये चेहरा हलवणारी नस गेली आणि डावी बाजू उतरली. डोळा मिटेना, ओठ लोंबला. ‘प’ म्हणायचा तर ओठाचा कोपरा बोटाने वर धरावा लागे, आणि जीवशास्त्रात पेशी, प्रथिनं, पचन यांना तोटा नाही. सर तोंडाला मास्क लावून, मास्कवरून बोट दाबून शिकवत राहिले. या उन्हाळ्यात फुप्फुसांत ठिपके दिसले.

मेडिकल प्रवेशाच्या क्लासचा मालक बालाजी भला माणूस, पण धंदा तो धंदा.

"सर, यंदा रिपीटरची बॅच घ्या. वर्षाचंच काम. अकरावीची म्हणजे दोन वर्षांची..." तो अडखळला.

"दोन वर्षं मी टिकंल का, असंच ना?"

"मी न्हाई म्हणत. पालक विचारतात."

"डॉक्टर म्हणले, ठिपके सावकाश वाढतात. मी बी सावकाशच शिकवतो. दोन वर्षांचीच बॅच घेणार."

बालाजीने हात टेकले. "बरं. फोटोचं मी बघतो."

त्याने बघितलं ते असं. फ्लेक्सवाल्या रविकांतने सरांचा नवा फोटो घेतला, चांगली उजवी बाजू कापली आणि तीच उलटी करून डावीकडे चिकटवली. सरांच्या मोबाइलवर नमुना आला तेव्हा त्यांची बायको पंचशीला त्यांच्या डोळ्यात औषध घालत होती. तिने मोबाइल हातात घेतला.

"ह्यो कोण माणूस?"

"मीच की."

"न्हाई. याला दोन्ही गालांवर तीळ हाय. भांग मधोमध. आन् असं गोड तुम्ही मला लग्नातबी हसले न्हाई." तिने मोबाइल परत दिला. "ह्याच्या डोळ्यात इतकी वर्षं औषध घातलं न्हाई मी."

सर तसेच उठले. दोघं ऑटोने फ्लेक्सच्या दुकानात गेले.

"बालाजी सरांनी असंच करा म्हणून सांगितलंय," रविकांत म्हणाला.

"लाव त्याला फोन."

फोनवर बालाजी गयावया करू लागला. पालक घाबरतील, ॲडमिशन दुसऱ्या क्लासला जातील.

"वर्गात घाबरण्यापेक्षा चौकात घाबरलेले बरे," सर म्हणाले. "माझं आहे तेच तोंड लाव. पोरं न्हाई आले तर रिपीटरची बॅच घेतो आन् गप बसतो."

तेव्हा तावातावाने बोलून गेले खरं, पण घरी येताना ऑटोतून ते चौकाचौकातले दुसऱ्या क्लासचे फ्लेक्स बघत राहिले. ही दोन वर्षांची बॅच गेली तर लोक आपल्याला आजारी माणूस म्हणूनच ओळखणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पंचशीलाने ते पाहिलं आणि तीही बाहेर बघू लागली.

फ्लेक्स लागला. हाताची घडी, एक डोळा उघडाच, ओठ डावीकडे ओघळलेला. खाली दोन वर्षांनंतरच्या परीक्षेचं साल. लोक गाड्या थांबवून बघत होते.

डेमो लेक्चरला हॉल भरला. शिकायला किती आले आणि बघायला किती, हे सांगणं अवघड होतं. सरांनी वर्गात पहिल्यांदाच मास्क काढला आणि खिशात घातला.

"डावी बाजू हलत न्हाई. कॅन्सर होता, अजून हाय. ज्याला बघायचंय त्यानं आत्ता बघून घ्या, मग फळ्याकडं बघा."

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, सरसुद्धा अर्ध्या तोंडाने. मग त्यांनी ओठाला बोट लावलं आणि पेशी शिकवली. घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

बाहेर व्हरांड्यात किल्लारीचे एक पालक वाट अडवून उभे होते. पोरगा मागे होता.

"सर, राग मानू नका. तुम्ही दोन्ही वर्षं राहणार ना?"

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पोराकडे पाहिलं. ओठाचा कोपरा वर धरला.

"माझं मी पाहतो. पोरगं टिकंल का, ते तुम्ही पाहा."

बापाने पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं ॲडमिशनच्या रांगेत जाऊन उभे राहिले.