कंदीलवाली

धाकटीचं लग्न झालं आणि ती नवऱ्याबरोबर परदेशी गेली, त्या वर्षीची गोष्ट. कवळीवाल्यांच्या जेवणाच्या टेबलावर बर्फ पडलेलं होतं, आणि त्यांच्या विहीणबाई चष्मा कपाळावर चढवून त्या बर्फात उभ्या असलेल्या बोटभर उंचीच्या शिपायांकडे बघत होत्या.

“यातले मेलेले कुठले?”

“अजून कुणीच नाही. खेळ सुरू झाला की मरतील.”

“मग बरंय. मला वाटलं, यायला उशीरच झाला.”

कवळीवाल्यांनी जन्मभर एका दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून दुसऱ्यांचे दात केले. पाटीवर डॉक्टरांचं नाव. कवळी घालून हसत जाणाऱ्यांनी यांचं तोंडही कधी पाहिलं नाही. त्याच मेणात आणि प्लास्टरमध्ये साचे काढून ते घरी शिशाचे शिपाई ओतायचे. हे बर्फही प्लास्टरचंच. खालच्या मजल्यावरचा कंपाउंडर खेळायला यायचा, तो मुलाकडे राहायला गेला. तेव्हापासून कवळीवाले दोन्ही बाजूंनी एकटेच खेळत. त्यातून त्यांचा खेळ भुताचा, आणि भुताचा खेळ एकट्यानं खेळायचा म्हणजे आपणच आपल्या पाठीमागे जाऊन भॉक करायचं. माणूस दचकणार कसा?

मुलगी फोनवर म्हणाली होती, “बाबा, आईंना बोलवा की कधीतरी. त्याही भिंतींशीच बोलत बसतात.” बोलावलं. चहा झाला, पोरांची ख्यालीखुशाली झाली, हवा-पाणी झालं, आणि बोलणं संपलं. विहीणबाईंनी पर्स खांद्याला लावली. आता ही बाई गेली की पुन्हा येत नाही, हे कवळीवाल्यांना कळलं. तेव्हा कुठे त्यांनी धीर करून टेबलावरची चादर ओढून काढली होती.

“दोनशे वर्षांपूर्वीची माघार आहे ही. तुमचं सैन्य हरलंय. थंडीनं मरायच्या आत त्यांना पुलापलीकडे न्यायचं. मी पाठलाग करणार.”

“मुलीचे वडील, आणि आमच्या मागे लागता? काळ बदलला म्हणायचा.”

“अजून आहे. जो पडला, तो पुढच्या फेरीला उठतो.”

“बरा होऊन?”

“भूत होऊन.” त्यांनी खण उघडला. प्रत्येक शिपायाचा पांढरा जुळा भाऊ तिथे निजलेला होता. “त्याच्या जागी हा ठेवायचा. हा आपलं-परकं बघत नाही. जवळ असेल त्याला धरतो.”

विहीणबाई हसल्या. हॉस्पिटलात नर्स होत्या त्या. “माझी सगळी नोकरी रात्रपाळीची, व्याही. पाठ वळली की उठून बसायचे ते जिवंतच. मेलेले फार गुणी.”

मग त्यांचा हात खणाच्या कोपऱ्यात गेला. हातात कंदील धरलेली एक बाई तिथे वेगळी, कापसात ठेवलेली होती. “ही माझी.”

“ती नको.”

बोलणं नको तितकं कडक झालं. विहीणबाईंचा हात थांबला, नजर पर्सकडे गेली. कंदीलवाली कवळीवाल्यांच्या बायकोनं रंगवलेली होती, अगदी शेवटची. एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा झाला होता. ती त्यांनी कधी टेबलावर उतरवली नव्हती, कारण टेबलावर उतरलेलं माणूस पडू शकतं. पण पर्सही समोरच होती.

“घ्या,” ते म्हणाले. “चालेल.”

खेळ सुरू झाला. कुणीही शहाण्यानं आपली माणसं पुलाकडे पिटाळली असती. विहीणबाईंचा शिपाई पडला रे पडला, की त्या टेपनं अंतर मोजून कंदीलवालीला उलट त्याच्याकडेच न्यायच्या.

“अहो, त्याला सोडा. तो आता उठेल तो तुम्हालाच धरायला.”

“आत्ता कण्हतोय ना? टाकून कुठे जाऊ?”

“शिशाचा आहे तो.”

“हो, पण तुमच्या खेळात कण्हतोय की नाही?”

पुढची फेरी आली. तो शिपाई उठला, पांढरा होऊन, अगदी तिच्या शेजारी. विहीणबाईंनी तिच्या सुटकेचे फासे टाकले. ते उलटे पडले. त्यांनी स्वतःच कंदीलवालीला बर्फात आडवं केलं.

“हिचं पांढरं द्या.”

“केलेलं नाही.”

विहीणबाईंनी चष्मा खाली घेतला, बाहुली डोळ्यांजवळ नेली आणि ते लहान-मोठे डोळे पाहिले. “विहीणबाईंनी रंगवलेली ना ही? कधी गेल्या?”

“सहा वर्षं झाली. मी हॉस्पिटलात पोचलो तर चादर डोक्यावरून ओढलेली होती. ती बाजूला करायला माझा हात धजावला नाही.” हे त्यांनी मुलीलाही कधी सांगितलं नव्हतं.

ब्रश पुसायच्या चिंध्यांतली एक स्वच्छशी विहीणबाईंनी निवडली, दुमडली, आणि कंदीलवालीच्या हनुवटीपर्यंत पांघरून कडेनं नीट खोचली.

“घरचं माणूस येईपर्यंत मी तोंड झाकू देत नसे. कुणी झाकलंच, तर सगळ्यांसमोर माझी बोलणी खायचा.” मग त्या टेबलावर वाकल्या. “आता नियम काय?”

“उठणार नाही ती. पडून राहील.”

“राहू दे. चाल कुणाची?”

“तुमची.”

त्या हरल्या. जाताना दारात म्हणाल्या, “पुढच्या रविवारी तुम्ही पळायचं. मी मागे लागते.” आणि आल्या. मग येतच राहिल्या. कंदीलवालीला त्या प्रत्येक वेळी घ्यायच्या, आणि प्रत्येक वेळी पडलेल्यांपायी गमवायच्या.

विहीणबाई पुढच्या वर्षी मार्च महिन्यात, हृदयविकारानं वारल्या. मुलगा-सून विमानात होती. कवळीवाले दोन बस बदलून हॉस्पिटलात पोचले, तर वॉर्डातली नर्स म्हणाली, “व्याही म्हणजे तुम्हीच का? बाईंनी आम्हाला दोनदा बजावलं होतं.”

चादर हनुवटीपर्यंत होती.