लागलं, एवढंच

टाचणी कागदात तिरकी गेली होती, टोक मागच्या पानातून वर आलं होतं, आणि त्या टोकावर बोट टेकवून ती केव्हाची बसून होती... जबाब एवढासाच. कामगाराने सांगितलेला, कारकुनाने उतरवून घेतलेला. ‘मुकादमांच्या हातातला पाना माझ्या डोक्याला लागला.’ जेवणाच्या सुट्टीआधी त्याचं इंग्रजी करून मुख्य कचेरीला पाठवायचं होतं. कारखान्यात भाषांतराचं काम तिच्या एकटीकडे. आणि मुकादम तिचा नवरा.

लागला — म्हणजे पाना आपणहून गेला? मराठीत किती बरं असतं, मारणारा वाक्यातून गुपचूप उठून जातो, कुणी त्याला हटकत नाही. इंग्रजी तसं जाऊ देत नव्हतं. शब्दकोश समोर उघडा होता. इंज्युरी : पडून, यंत्रात सापडून, खेळताना, अपघाताने झालेली. वूंड : हत्याराने, हल्ल्यात, कुणीतरी केलेली. कामगाराच्या डोक्याला सात टाके पडले होते.

“वहिनी, तुम्ही लिहाल ते खरं,” तो सकाळी म्हणाला होता. पट्टीखालचा डोळा सुजून मिटलेला. “फक्त माझी नोकरी तेवढी राहू द्या.”

आणि नवरा, चहा ओतून घेताना, “चुकून लागलं त्याला. इंज्युरी लिही नि विषय संपव.”

चुकून... घरी एकदा डबाही चुकूनच सुटला होता ना त्याच्या हातून? तिच्या कानाजवळून गेला, भिंतीचा पोपडा उडाला. “लागलं नाही ना?” त्याने घाबरून विचारलं होतं. नाही, ती म्हणाली होती, आणि ते खरंच होतं. दुसऱ्या दिवशी त्यानेच भिंत लिंपली, वरून रंगही दिला. अकरा वर्षं ती स्वतःला सांगत आली होती, आपल्याला कधीच लागलेलं नाही. जे लागलंच नाही त्याला या जाडजूड कोशात कुठला शब्द असेल? तिने पानं उलटली, पुन्हा मागे आणली...

“झालं का?” नवरा दारात उभा होता.

“एक शब्द राहिलाय.”

“एका शब्दाला एवढा वेळ?” तो आत आला, तिच्या खुर्चीमागे उभा राहून कागद वाचू लागला. आवाज मऊ होता, हात खिशात होते. तरी तिची मान खांद्यात ओढली गेली — आपोआप, रोजच्यासारखी. फक्त आज ते तिच्या लक्षात आलं. तिने मान सरळ करून पाहिली. होईना.