न मागितलेली दोन पत्रं

माझ्या धाकट्या बहिणीला आम्ही सगळे बारकी म्हणायचो. अप्पांचं औषधांचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत होतं आणि बारकी लहानपणापासून तिथल्या बाटल्यांच्या नादी लागलेली. जखम धुवायचं औषध कापलेल्या बटाट्यावर ओतलं की फसफसून फेस येतो, हा शोध तिचा तिनेच लावला.

"अगं, बटाटे काय फुकट येतात?" आई ओरडायची.

"पण आई, बटाट्यात असं आहे तरी काय?"

हाच प्रश्न घेऊन ती कॉलेजात गेली. रसायनशास्त्र घेऊन पदवीला पहिली आली. जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करायचं म्हणून एक दिवस विद्यापीठाचं माहितीपत्रक घेऊन घरी आली, तेव्हा तिचे पाय जमिनीवर नव्हते.

अप्पांनी चष्मा पुसला आणि डॉक्टरांचं अक्षर लावावं तसं ते पत्रक एकेक ओळ वाचायला घेतलं.

"पदवीला रसायनशास्त्र हवं. आहे. निदान एक वर्ष गणित झालेलं हवं. झालंय. प्रयोगशाळेचे तास पूर्ण हवेत. आहेत. साठ टक्के." चष्म्यावरून ते आमच्याकडे बघून हसले. "साठ? एवढ्यावर भागतं होय यांचं?"

शेवटच्या ओळीवर मात्र ते थांबले. अर्जदाराचं काम जवळून पाहिलेल्या दोन शिक्षकांची पत्रं अर्जासोबत हवीत, असं तिथे होतं.

"हे कशाला?"

"असतात तशी, अप्पा. सगळेच देतात," बारकी म्हणाली.

"सगळेच देतात म्हणूनच विचारतोय."

आमच्या घरात वशिला हा शब्द शिवीसारखा होता. तरुणपणी अप्पांना सरकारी औषध तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी मिळता मिळता राहिली. परीक्षेत ते वर होते, पण दुसऱ्या उमेदवाराने कुणा बड्या माणसाची चिठ्ठी आणली. त्या दिवशी त्यांनी ठरवलं की या घरातलं कुणी कुणाची चिठ्ठी नेणार नाही आणि कुणाच्या दारात काही मागायला उभं राहणार नाही. मला शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली तीसुद्धा संस्थेतल्या ओळखीच्या माणसाला कळू न देता.

"अहो अप्पा, हा वशिला नाही," मी म्हटलं. "शिकवणाऱ्या बाई सांगणार, ही मुलगी काम कसं करते ते."

"ते गुणपत्रिकेत आहे की. पहिली आलीय पोरगी. आणखी कुणी तिच्याबद्दल चार शब्द गोड बोलायचे कशाला?"

"तुमच्याबद्दल कुणी चार शब्द गोड बोललं असतं तर बरं झालं असतं," आई आतून म्हणाली. "निदान तुमचा तोंडाचा पट्टा तरी सरकारच्या कामी आला असता."

आम्ही हसलो. अप्पा हसले नाहीत. बारकीही नाही.

खरं तर तिच्या रसायनशास्त्राच्या बाईंनी तिला आधीच सांगितलं होतं, "मी लिहून देते, गणिताच्या सरांनाही सांगते. पण तू येऊन मागायला हवंस. विद्यार्थ्याने मागितल्याशिवाय आम्ही पत्र देत नाही, तशी रीतच आहे." बारकीने हे मला सांगितलं, अप्पांना नाही. मी म्हटलं, "जा आणि घेऊन ये, नंतरचं मी बघते." ती म्हणाली, "ताई, त्यांना चोरून नेलेलं पत्र घेऊन मी तिथे काय शिकणार?" तेव्हा मला तिचं कौतुक वाटलं होतं.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी आम्ही तिघं विद्यापीठात गेलो. अप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. खिडकीतल्या कारकुनाने कागद चाळले आणि परत सरकवले.

"पत्रं?"

"पत्रं नाहीत. गुण बघा तुम्ही."

"गुण झकास आहेत, काका. पण अर्धवट अर्ज आत जात नाही."

"पहिली आलीय ती!"

"काका, तुम्ही काय करता?"

"औषधांचं दुकान आहे."

"मग डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय औषध देता?"

आयुष्यात अप्पांनी तसं औषध कुणाला दिलं नव्हतं. सख्ख्या मेव्हण्यालासुद्धा परत पाठवलं होतं. कारकुनाला त्यांची दया आली असावी. तो म्हणाला, "खिडकी बंद होईपर्यंत आणा. अर्ज मी बाजूला ठेवतो."

बाईंचं कॉलेज रस्त्यापलीकडेच होतं. पायऱ्यांवरून त्यांच्या प्रयोगशाळेच्या खिडक्या दिसत होत्या. अप्पा पायरीवर उभे राहिले. त्यांचा पाय पुढे पडतोय असं मला वाटलं. मी बारकीचा हात धरला. "चला," ते म्हणाले, आणि घराच्या दिशेने वळले.

मी बारकीला कोपराने ढोसलं. तिने माझा हात सोडवला आणि त्यांच्या मागे गेली.

ती दुकानात बसायला लागली. पावसाळा सरल्यावर एकदा बाई खोकल्याचं औषध घ्यायला आल्या. गल्ल्यापाशी बारकीला बघून त्या थबकल्या.

"तू इथे? मी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत थांबले होते गं. सरांनाही थांबवून घेतलं होतं."

बारकी बाटलीवर लेबल चिकटवत राहिली. अप्पांनी बाईंना बसायला स्टूल दिलं.

"काय लिहिणार होतात तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"काय लिहिणार! एकदा हिचा प्रयोग साफ फसला. शेजारच्या मुलीने आपले आकडे पुढे केले, तर हिने घेतले नाहीत. फसलेलेच आकडे लिहून दिले आणि का फसलं ते शोधत बसली. गुण कमी पडले त्यात. गुणपत्रिकेत हे कुठे दिसतं?"

अप्पा बराच वेळ काउंटरची काच पुसत होते. मग हात जोडून उभे राहिले. त्यांना असं उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"बाई, माझी चूक झाली. पुढच्या वर्षासाठी द्याल का पत्र? मी मागतोय."

"अहो, त्यात हात काय जोडायचे? देईन की."

"नको," बारकी म्हणाली.

"अगं, बाई देतायत..."

"माझ्यासाठी तुम्ही कुणापुढे हात जोडायचे नाहीत, अप्पा." तिने बाईंच्या हातात औषध दिलं. "दिवसातून तीनदा, जेवणानंतर."

मी समजावलं, आई रडली. गणिताचे सर स्वतः घरी येऊन गेले. बारकी कुणाला बधली नाही. अप्पांचीच लेक ती.

पुढे कितीतरी वर्षं त्या प्रवेशाची जाहिरात आली की अप्पा वर्तमानपत्राची नेमकी ती घडी वर करून काउंटरवर ठेवायचे आणि आत चहाला निघून जायचे. बारकी गिऱ्हाईक येईपर्यंत ती वाचायची. मग पानाचे सरळ दोन तुकडे करायची आणि त्यात बाटल्या गुंडाळून द्यायची.