घोड्याचे मागचे पाय

बालनाट्यातल्या घोड्यात नवरा-बायको मिळून असत. बायको पुढचे पाय, नवरा मागचे. तो वाकून, दोन्ही हातांनी तिची कमर धरून तिच्यामागून चालायचा. पुढे काय चाललंय ते त्याला कधी दिसलं नाही आणि त्याबद्दल त्याची तक्रारही नव्हती. संसारही असाच चालला होता. नाटकमंडळीत सगळे त्याला ‘मागचे पाय’च म्हणत.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. इथे उलटंच झालं. रंगमंचाच्या पायऱ्या बायको नीट उतरली आणि मागचे पाय गडगडत खाली आले. नडगीचं हाड मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा हाड जुळलं होतं, पण मांडी इतकी वाळली होती की अशा घोड्यावर नाटकातल्या राजाला बसवणं म्हणजे राजहत्याच झाली असती. तोवर दिग्दर्शकाने त्याच्या जागी आपला भाचा घेतला होता. भाचा व्यायामशाळेत वाढलेला, दंड भोपळ्याएवढे. तो रोज माझ्या बायकोची कमर धरून चालत असणार, हा विचार नवऱ्याच्या मनात मोडक्या हाडापेक्षा जास्त ठणकायचा. नवं नाटक बसवण्याआधी दिग्दर्शक तालीम घेऊन कायमचे मागचे पाय ठरवणार होता.

फिजिओथेरपिस्ट बाईंकडे त्याने पहिल्याच दिवशी मोठं वजन मागितलं. बाईंनी बटाट्याएवढं दिलं. मग मांडीच्या मुळाशी पट्टा बांधून, रक्तदाब मोजताना भरतात तशी हवा भरली. पट्ट्याने पायातलं रक्त जरा अडतं, बाईंनी समजावलं, म्हणून हलकं वजनही स्नायूला जड वाटतं. तो जोर धरतो आणि कोवळ्या हाडावर भार येत नाही. त्याला हसू आलं. थोड्याच वेळात मांडीत अशी आग पेटली की तो त्या बटाट्याला शिव्या घालू लागला. हवा सोडली तेव्हा बाई देवमाणूस वाटल्या. पुन्हा भरली तेव्हा वाटेनाशा झाल्या. तरीही लवकर बरं व्हायच्या घाईत त्याने पट्टा घरी न्यायला मागितला. दाब मोजून, आपल्या डोळ्यांसमोरच हे करायचं असतं, असं सांगून बाईंनी त्याला वाटेला लावलं.

मांडी हळूहळू भरली. घोडं पेंड खात होतं ते वेगळ्याच ठिकाणी. सरळ चालायला सांगितलं की तो लंगडायचा. एक दिवस न राहवून त्याने वाकून, समोर वॉकर घेऊन चाललेल्या आजोबांची कमर धरली, आणि दोघं झोकात खोलीभर फेरी मारून आले. बाईंनी कपाळाला हात लावला. आजोबा मात्र उद्या कधी येणार, असं विचारत होते.

अखेर तालमीचा दिवस उजाडला. जेवणाला कधी नाही न म्हटलेला राजा पाठीवर चढला. मांडी पेटली, घोडा मागच्या बाजूने माणसासारखा कण्हला, पण बसला नाही. दिग्दर्शकाने मान डोलावली आणि भाच्याला झाडाची भूमिका दिली. पण घोड्याचं पोट जमिनीवर लोळत होतं. मध्ये हातभर जादा कापड जोडलेलं होतं आणि ते मागच्या पायांत येत होतं.

“हे कशाला जोडलंस?” आतल्या अंधारात त्याने विचारलं. “तो भाचा काही एवढा लांब नाही.”

“त्याच्या हातात दोरी दिली होती मी,” पुढून बायको म्हणाली. “तो दोरी धरून लांबून चालायचा. माझ्या कमरेला दुसऱ्या कुणी हात लावलेला मला चालत नाही. मग घोडा लांबला, त्याला मी काय करू?”

मागच्या पायांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी ती कमर घट्ट धरली, आणि दिग्दर्शकाने काहीही सांगितलेलं नसताना, राजा जीव मुठीत धरून ओरडत असताना, घोडा आनंदाने दुडक्या चालीने रंगमंचभर धावत सुटला.