तिरपी वाट

सुलाबाईंनी उंट उचलला, सरळ चार घरे पुढे नेला, तिथून उजवीकडे वळवला आणि सावळीरामांच्या हत्तीसमोर ठेवून दिला.

ही तिसरी वेळ होती. सावळीरामांनी उंट शांतपणे मागे आणून ठेवला. तंत्रशाळेत तीस वर्षे फिटरचे काम शिकवलेला माणूस. एका वेळी एकच हत्यार हाती द्यावे, ही त्यांची रीत. म्हणून वजीर आणि घोडे डब्यातच राहिले होते. हत्ती सुलाबाईंनी पहिल्याच डावात आपलासा केला. उंट मात्र काही केल्या तिरपा जाईना.

"तिरपा, विहीणबाई. पांढऱ्या घरातला पांढऱ्यातच राहतो."

"तिरपं कसं जाणार, मास्तर? मधी तारा असत्यात."

सावळीरामांना क्षणभर उलगडा होईना. मग सुलाबाईंनी सांगितले. दिंडोरीजवळच्या त्यांच्या दोन एकर द्राक्षबागेत एकदा ओळीत शिरले की टोक गाठायचे, मगच वळायचे. मध्येच पलीकडे जायचे तर तारांखालून वाकावे लागते. आणि वाकणेच तर डॉक्टरांनी बंद केले होते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला महिनाही झाला नव्हता. तरी आज साडेअकराच्या एसटीने त्या निघणार होत्या. द्राक्षे काढून झाल्यावरची खरड छाटणी तोंडावर आली, हे सांगायचे कारण. लेकीच्या सासरी आईने किती दिवस बसून खायचे, हे खरे. तुम्हीच काहीतरी बोला, असे रोहिणीने सकाळी सासऱ्यांना विनवले होते. सावळीरामांना शिकवता येई, समजूत घालता येत नसे. त्यांनी बुद्धिबळाचा पट मांडला होता.

"इथे तारा नाहीत," एवढेच ते आता म्हणाले.

 सुलाबाईंचे बोट पांढऱ्या घरांवरून हवेतच तिरपे सरकत गेले, पार पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत, आणि तिथे थबकले. त्यांनी उंट नेला आणि कोपऱ्यातला हत्ती उचलून आपल्या बाजूला ठेवला.

सावळीराम पुढे झुकले. मघाशी ढकललेल्या प्याद्याने ती वाट त्यांनीच मोकळी केली होती.

सुलाबाईंचा चेहरा मात्र उतरला.

"मुद्दाम दिला का? पाहुणीचं मन राखाया?"

सावळीरामांचे कान तापले.

"तीस वर्षांत मी कुणाला अर्धा गुण फुकट दिला नाही. तुमच्या जावयालाच विचारा, माझ्याच हाताखाली एकदा नापास झालाय. मी चुकलो, विहीणबाई. मला दिसलंच नाही."

छाटायची काडी जोखावी तशा सुलाबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग पदर तोंडाशी नेऊन हसल्या, आणि व्याह्यांसमोर आजवर कधी लांब न केलेला पाय त्यांनी हलकेच समोरच्या स्टुलावर ठेवला.

"खेळा मग. तुमचा दुसरा हत्ती सांभाळा."

रोहिणी डबा भरून दारात आली. अकरा वाजले, रिक्षा बोलावू का, असे तिने आईला विचारले. सुलाबाईंनी हातानेच तिला थांबवले आणि बागेतल्या सोमाला फोन लावला.

"सोमा, छाटणी तू सुरू कर. काडीला दोन डोळे राखून काप, घाई करू नको."

पलीकडचे बोलणे ऐकताना त्यांची नजर पटावरून हलली नाही.

"माझं? माझं आत्ता काय सांगता येत नाय. हितं लय येळ लागंल."