न पिळलेला थेंब

ताप उतरला त्या सकाळी काकूंना वाटलं, आपण अगदी हलक्या झालोय. खिडकीतल्या वाऱ्याने दवाखान्यातल्या पलंगावरची मच्छरदाणी फुगायची, बसायची, आणि तिच्याखाली काकू तरंगत होत्या. तीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेल्या बाईला स्वप्नंही कापडाचीच पडणार. मच्छरदाणीची एक शिवण कोपऱ्यात वाकडी गेली होती. ती उसवून पुन्हा घालावी असं त्यांना फार वाटत होतं, पण हात उचलणंही जिवावर आलं होतं.

"आज घरी!" काका म्हणाले. त्यांनी पिशवी भरली होती, बायकोच्या चपला दाराकडे तोंड करून मांडल्या होत्या. नवरा घाईचा, लग्नालाही तासभर आधी पोचलेला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दुपारी रक्त दाट झालेलं नसलं तरच सोडू. डेंग्यूचा हाच तर खोडसाळपणा आहे. ताप उतरतो, माणसं सुटलो म्हणतात, आणि नेमकं तेव्हाच रक्तातलं पाणी नसांबाहेर झिरपायला लागतं.

रक्त तपासणारी मुलगी दर चार तासांनी येऊन टोचायची, म्हणून वॉर्डाने तिचं नाव डासबाई ठेवलं होतं. तिच्या ढकलगाडीवर एक छोटं यंत्र असे. बोटातला थेंब ती बारीक काचेच्या नळीत घ्यायची आणि नळी यंत्रात गरगर फिरवायची. लाल भाग तळाशी बसला की शंभरात लाल किती, ते मोजायची; आकडा चढला की रक्त दाट झालं. काकूंचा सकाळचा आकडा एक्केचाळीस होता.

दुपारी तिने काकूंच्या डाव्या तर्जनीला टोचलं. शिवणाच्या सुईने घट्टे पडलेलं ते बोट दाद देईना. तेवढ्यात शेजारच्या पलंगावरून हाक आली आणि डासबाई वळली. काकांना वाटलं, बिचारीला पुन्हा टोचायला नको. त्यांनी दोन्ही हातांनी बोट पिळलं. थेंब आला. डासबाईने वळून तो नळीत घेतला.

"एकोणचाळीस," ती म्हणाली.

"म्हणजे कमी! मग जायचं ना?" काकांचा जीव भांड्यात पडला.

काकूंना आनंद व्हायला हवा होता, पण पोटात दुखत होतं आणि सगळं लांब चाललं होतं. स्वप्नात त्या लाल कापड धुऊन पिळत होत्या. कापडातून पाणी गळत होतं, गुलाबी, फिकं.

"अहो, इतकं पिळू नका," त्या पुटपुटल्या. "पाणीच येतंय. रंग कुठाय?"

निघालेली डासबाई थांबली. "काका, बोट पिळलं का तुम्ही?"

काका ओशाळले. "जरासं. तिला दुखू नये म्हणून."

"अहो, पिळलं की मांसातलं पाणी थेंबात उतरतं! रक्त खोटंच पातळ दिसतं." ती रागावली होती, पण त्याहून जास्त घाबरली होती. "चूक माझीही आहे. मी नजर हटवायला नको होती."

तिने काकूंचा उजवा हात पलंगावरून खाली सोडला, करंगळीशेजारचं बोट निवडलं. त्या बोटाला सुई कधी शिवली नव्हती. टोचून ती वाट पाहत राहिली. पहिला थेंब पुसला, दुसरा आपसूक वर आला, गडद आणि दाट. यंत्र गरगरलं. काकांना ते थांबूच नये असं वाटलं.

आकडा होता पन्नास.

डॉक्टर धावत आले. सलाइन लागलं, नाडी मोजली गेली, पुन्हा पुन्हा थेंब घेतले गेले. काकूंना वाटलं, कुणीतरी सुकलेल्या कापडावर हळूहळू पाणी शिंपडतंय. संध्याकाळी आकडा त्रेचाळीसवर आला, तेव्हा डासबाई खुर्चीत बसली आणि तिने डोळे पुसले.

काकांनी चपला उचलून परत पलंगाखाली ठेवल्या. मग ते भिंतीशी उभे राहिले, दोन्ही हात पाठीमागे बांधून. आपल्या या हातांनी आज बायकोला घरी नेऊन मारलं असतं, हे त्यांना कळून चुकलं होतं.

काकूंनी मच्छरदाणीबाहेर हात काढला. सगळ्या बोटांना कापसाचे बोळे चिकटवलेले होते.

"धरा की."

"नको गं. दाबला जाईल."

"दाबा," काकू म्हणाल्या. "आता दाबा."